खांदेरीची बत्ती कुणाची?

गेल्या वर्षी, म्हणजे जुलै २०२५ मध्ये, मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची नावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली, तेव्हा वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाच्या खोलीत पेढे वाटले गेले. पेढे संपायच्या आत भांडण सुरू झालं. निमित्त साधं होतं: यंदाची सहल यादीतल्या एखाद्या जलदुर्गावर न्यायची, आणि कुणीतरी अलिबागजवळ थळसमोरच्या बेटावरचा खांदेरी सुचवला. एका काकांनी लगेच हात वर केला. तिथे जेट्टी आणि रोपवे होऊ दे, वर चहा-नाश्त्याची सोय होऊ दे, मग जाऊ. वडोदऱ्याहून चारशे किलोमीटर जाऊन गुडघे कोण मोडणार? दुसरे उसळले. किल्ला ही काय कमाटीबाग आहे, आईस्क्रीम खात फिरायला? तीर्थ आहे ते, सरळ बंद ठेवा. तिसऱ्यांचा राग भलत्याच गोष्टीवर निघाला. म्हणे, महाराजांच्या किल्ल्याच्या डोक्यावर इंग्रजांची बत्ती, म्हणजे दीपगृह, उभी आहे. आधी ती पाडा, मग आम्ही येतो.

हाच वाद मी नंतर बडोद्यातल्या दोन-तीन घरांत ऐकला आणि मुंबईकडच्या नातेवाइकांच्या तोंडूनही ऐकला. सगळीकडे तो सारख्याच वाईट पद्धतीने होतो. एकाला किल्ला म्हणजे मॉल वाटतो, दुसऱ्याला देवघर, तिसऱ्याला कोर्टातला दावा. खांदेरीवर मी दोनदा गेलो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी शेवटपर्यंत वाट बघायला नको. खांदेरीवर लोकांनी जावं, पण बेताच्या संख्येने, भरती-ओहोटीच्या वेळा पाळून, आणि बेटावर पायी हिंडून. १८६७ मध्ये उभं राहिलेलं तिथलं दीपगृह जागेवरच राहावं. नाइलाज म्हणून नव्हे. ते त्या किल्ल्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम साक्षीदार आहे.

तिसऱ्या काकांपासून सुरुवात करतो, कारण त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेलं जातं आणि ते तितकं हलकं नाही. बेटावर दोन टेकड्या आहेत, उत्तरेची बुटकी आणि दक्षिणेची उंच. दीपगृह उंचीवर. थळहून होडीत बसलं की डोळा पहिला जातो त्या अष्टकोनी बुरुजावर. तटबंदी, बुरूज, तोफा हे सगळं नंतर. फोटोतही तेच. राज्यकर्ता आपली खूण उंचावर ठेवतो आणि जुन्या मालकाची खूण पायथ्याशी राहते, हे जगात सगळीकडे झालं आहे. शिवाय कित्येक वर्षं हे बेट लोकांना ‘लाईट हाऊसचं बेट’ म्हणूनच माहीत होतं. किल्ला म्हणून नाव नंतर वर आलं. १९९८ मध्ये त्याला कान्होजी आंग्रे बेट म्हणायला लागले ते याच ओशाळलेपणातून. हे सगळं मला मान्य आहे. दुखतं ते खरंच दुखतं.

पण बत्ती तिथेच का बसवली, हा प्रश्न काकांनी स्वतःला विचारला आहे का?

१६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी याला दीडशेच्या आसपास माणसं देऊन या खडकावर पाठवलं. तोवर इथे पाखरं आणि झाडं होती. मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली, कारण मुंबई बंदरात येणारं-जाणारं प्रत्येक जहाज या बेटाच्या नजरेखालून जातं. त्यांनी जहाजं आणून बेटाला वेढा घातला. थॉर्प नावाचा त्यांचा एक लेफ्टनंट माणसं घेऊन बेटावर उतरायला गेला आणि तिथेच पडला. ऑक्टोबरात मराठ्यांच्या आरमाराचा दौलतखान गलबतं घेऊन आला तेव्हा इंग्रजांची ‘डव्ह’ नावाची गुराब, म्हणजे लढाऊ जहाज, मराठ्यांच्या हाती लागली. ‘रिव्हेंज’ या जहाजावरच्या किग्विन या इंग्रज अधिकाऱ्याने तोफांच्या जोरावर कसाबसा टिकाव धरला. पण मला या लढाईतला सगळ्यात बोलका भाग दुसराच वाटतो. रोज रात्री आपले लहान मचवे इंग्रजांच्या मोठ्या जहाजांच्या बगलेतून वल्ही मारत निसटत आणि बेटावर दाणागोटा, माणसं पोचवत. वारा पडला की शिडाचं जहाज खुंट्याला बांधल्यासारखं उभं, आणि हे वल्हवून पसार. दिवसा तट चढत होता, रात्री रसद येत होती. जंजिऱ्याचा सिद्दीसुद्धा इंग्रजांच्या मदतीला आला, आणि पुढे समोरच्या उंदेरीवर त्याने आपला किल्ला उभारला. तरीही १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांना वेढा उठवावा लागला. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून पुन्हा चाल करून आला, तेव्हाही हात हलवत परतला.

आता पुढचा हिशोब करा. ज्या इंग्रजांनी १६७९ मध्ये हा खडक आपल्याला मिळू नये म्हणून माणसं मारून घेतली, त्यांच्याच वारसांना १८८ वर्षांनी मुंबईच्या तोंडावर दिवा लावायची गरज पडली, तेव्हा त्यांनी कोणता खडक निवडला? हाच. त्यांच्याकडे अख्खा किनारा होता, पैसा होता, इंजिनिअर होते. महाराजांनी जागा हेरली ती बरोबर होती, याचं याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठून आणणार? आपल्या बखरकाराने लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, घरचं कौतुक. इथे विरोधी पक्षाने दगडात लिहून दिलं आहे. आणि आपण म्हणतोय, तो दस्तऐवज फाडा.

फाडायचंच ठरवलं तर मग सुरुवात आपल्या गावातून करू. लक्ष्मी विलास राजवाड्याचा आराखडा इंग्रज मेजर मँटचा, काम पुरं केलं चिशॉम या दुसऱ्या इंग्रजाने. सयाजीबागेतल्या म्युझियमची इमारतही चिशॉमचीच. आपण पाहुणा आला की त्याला सगळ्यात आधी तिथेच नेतो, आणि ‘आपला राजवाडा’ म्हणताना जीभ अडखळत नाही. अडखळायचं कारणही नाही. खंडेराव मार्केटला दर्शनी भागात महापालिका बसते, मागे भाजी विकली जाते. त्या वास्तूचा अपमान झाला असं कुणाला वाटलं नाही. वास्तू वापरात राहतात म्हणून उभ्या राहतात. इतिहासही कधी एका हाताने लिहिलेला नसतो. मराठ्यांचं आरमार इंग्रजांनी बुडवलं, असं आपण सहज म्हणतो. पण १७५६ मध्ये विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांच्या आरमाराची होळी झाली, तेव्हा इंग्रजांना हाताशी धरून चालून गेलेले पेशवेच होते. आणि १८०२ मध्ये, वसईच्या तहाच्याही आधी, इंग्रजांशी तह करून त्यांची फौज आपल्या दाराशी आणून बसवली ती आपल्याच गायकवाडांनी. हे बोचतं, म्हणून आपण बत्तीवर राग काढतो. बत्ती बिचारी बोलत नाही.

बाहेरचं उदाहरण हवं असेल तर अलेक्झांड्रिया. जगातलं सगळ्यात प्रसिद्ध दीपगृह तिथे होतं, भूकंपांत ढासळलं. पंधराव्या शतकात सुलतान कैतबेने त्याच जागेवर, त्याच्याच दगडांतून किल्ला बांधला. तिथे दीपगृहाचा किल्ला झाला, इथे किल्ल्यावर दीपगृह आलं. ‘किल्ला उचला, आम्हाला दीपगृहाचा पाया बघायचाय’ असं तिथे म्हणून बघा! आपल्याकडे महाबलीपुरमला टेकडीवरच्या पल्लवकालीन मंदिराच्या छपरावर एकोणिसाव्या शतकात जहाजांसाठी दिवा लावत. पुढे शेजारीच दगडी दीपगृह बांधलं. १९८४ पासून ती जागा वारशाच्या यादीत आहे, आणि मंदिर बघून लोक दीपगृहही चढतात. दोन्ही कथा एकाच दुपारी कळतात. कुणाचं काय बिघडलं?

आता पहिले काका. त्यांची बाजू मला सगळ्यात जड वाटते, कारण ती माझ्या घरातली आहे. माझी आत्या शहात्तर वर्षांची. तिला रायगड बघायला मिळाला तो रोपवेमुळे, आणि जगदीश्वराच्या पायरीशी बसून ती जे रडली ते मी विसरणार नाही. वाट फक्त धडधाकटांसाठी असावी, असं मी तिच्या तोंडावर म्हणू शकत नाही. म्हणून जेट्टी भक्कम हवी, हे मी बिनशर्त मान्य करतो. होडीतून दगडावर उडी मारायची ही मर्दुमकीची गोष्ट नाही, तो अपघात आहे, फक्त अजून झालेला नाही. किनाऱ्यावर स्वच्छ मुतारी हवी, सावली हवी, पिण्याचं पाणी हवं. बायकांना दिवसभर पाणी न पिता सहल करावी लागते, हे आमच्या मंडळातल्या पुरुषांच्या गावीही नाही.

पण रायगडाचं गणित खांदेरीला लावता येत नाही. रायगडाचा डोंगर मोठा आहे, गर्दी पोटात घेतो. हे बेट घेणार नाही. आणि सोय झाली की लोक वारसा बघतात, या समजुतीचा निकाल आपल्या घरापासून ५० किलोमीटरवर लागलेला आहे. चांपानेर-पावागड २००४ मध्ये यादीत गेलं. तिथे उडनखटोला, म्हणजे रोपवे, आहे. आपण किती वेळा गेलोय? दहा? वीस? खटोल्यात बसायचं, कालिकामातेचं दर्शन घ्यायचं, खाली उतरून भजी खायची आणि अंधार पडायच्या आत घरी. खाली चांपानेरची जामा मशीद आहे, कोरीव कामाने डोळे दिपावेत अशी. तटबंदी, दरवाजे, विहिरी आहेत. अख्खं एक शहर झाडीत पडलं आहे. हाच गड अठराव्या शतकात शिंद्यांकडे होता, म्हणजे आपल्या कथेतलंही एक पान तिथे आहे. आमच्या मंडळात मी विचारलं, मशीद कुणी आतून पाहिली आहे? तेवीस जणांत तिघांनी हात वर केला. भक्तीला मी नावं ठेवत नाही; देवीला जाणाऱ्याने देवीलाच जावं. माझं म्हणणं एवढंच की खटोल्याने माणसं वर पोचली, वारसा त्यांच्यापर्यंत पोचला नाही. मग खांदेरीवर चहा-नाश्त्याची सोय केली तर काय पोचेल? चहा-नाश्ता.

दुसऱ्या काकांना, म्हणजे ‘बंद ठेवा’वाल्यांना, मी हा मुद्दा सांगितला तर ते खूश होतील. त्यांनाही थोडं थांबवतो. त्यांचं दुखणं खरं आहे. तटाच्या खोबणीत कोंबलेल्या बाटल्या मी पाहिल्या आहेत, तोफेवर पाय टाकून बसलेली पोरं पाहिली आहेत. पण बंद ठेवलेली वास्तू शुद्ध राहत नाही, ती झाडांच्या ताब्यात जाते. पिंपळाचं मूळ चिऱ्यात शिरलं की त्याला सोवळं-ओवळं कळत नाही. आणि खांदेरी कधी देवघरासारखी निःशब्द होती? मायनाकच्या माणसांनी इथे चुली पेटवल्या. दीपगृहाची माणसं वर्षानुवर्षं इथे राहिली. बेटावर वेताळाचं देऊळ आहे, कोळी त्याला मानतात आणि त्याच्या पायी येतात. तीर्थ म्हणून बेट बंद करायचं तर ज्यांचं ते खरोखर तीर्थ आहे, त्यांनाच आधी बाहेर ठेवावं लागेल. ते कुणी ठरवायचं, दांडिया बाजारात बसून?

मी पहिल्यांदा गेलो तेव्हाची गोष्ट. रात्रीच्या गाडीने मुंबई, सकाळी गेटवेहून मांडव्याची बोट, तिथून रिक्षाने थळ. आम्ही सहा जण. अर्ध्या वाटेत आमच्यातल्या एकाने होडीच्या कडेला डोकं टेकलं ते बेट येईपर्यंत उचललं नाही. दीड तासात बेट ‘करून’ परत यायचं, दुपारी अलिबागला मासे खायचे, असा आमचा बेत. नेहमीप्रमाणे उशीर झाला, आणि परत जायला होडीपाशी आलो तर नाखवा बिडी ओढत निवांत. “आता पाणी नाय थळला. भरती झाली की निघू.” किती वेळ? “तीन तास धरा.” आम्ही आधी चिडलो, मग मोबाईल बघितले, मग करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून तटावरून चालायला लागलो.

आणि तेव्हा किल्ला दिसायला लागला. पहिल्या फेरीत आम्ही तोफेचा फोटो काढला होता. दुसऱ्या फेरीत तिचा गाडा दिसला, चाकांसकट, लोखंडी, गंजाने लाल झालेला. तोफा पुष्कळ किल्ल्यांवर आहेत, गाडा टिकलेला सहसा बघायला मिळत नाही. मग नाखव्याने एक शिळा दाखवली, हातात गोटा दिला आणि म्हणाला, मारा. धातूच्या भांड्यावर मारल्यासारखा आवाज आला. दुसऱ्या जागी मारलं, सूर बदलला. आमच्यातला उलटीवाला, तोवर सावरलेला, तिथे अर्धा तास बसून ‘सा’ शोधत होता. तटाच्या बाहेरच्या अंगाला ओहोटीमुळे खडक उघडे पडले होते, दातेरी, शेवाळलेले. या खडकांवरून चढून येऊन हल्ला करायचा म्हणजे काय, ते थॉर्पचं नाव वाचून कळलं नव्हतं, तिथे उभं राहून कळलं. दीपगृहापाशी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. उत्तरेला धुक्यात मुंबई, खाली उंदेरी, आणि बंदराकडे सरकणारं एक कंटेनरचं जहाज. मी नाखव्याला विचारलं, तुम्हाला ही बत्ती लागते का आता, सगळीकडे जीपीएस आहे ना? तो म्हणाला, “मशीन बंद पडतं. ही दिसते.”

ओहोटीने आम्हाला अडकवलं नसतं तर यातलं काहीच बघितलं नसतं. म्हणून मी पायवाटेचा आग्रह धरतो. जेट्टीपासून तटाच्या कडेने एक आखीव वाट, मध्ये तोफ, वाजणारी शिळा, वेताळाचं देऊळ, आणि शेवटी चढ चढून दीपगृह. म्हाताऱ्या माणसांसाठी त्यातला सपाट तुकडा फरसबंद करता येईल, दर शंभर पावलांवर बसायला कट्टा. होड्या मोजक्या, भरतीच्या वेळापत्रकाला बांधलेल्या, चालवणारे थळचे कोळी आणि माहिती सांगणारेही तेच. महाग पडेल? पडू दे थोडं. सिनेमाला आपण माणशी पाचशे रुपये खर्च करतोच.

दीपगृहांच्या बाबतीत सरकारचंही लक्ष वळलं आहे. १९२७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ मध्ये नवा कायदा आला, त्यात वारसा दीपगृह घोषित करायची तरतूद आहे. २०२४ मध्ये देशभरातली ७५ दीपगृहं पर्यटनासाठी सज्ज म्हणून जाहीर झाली. चांगली गोष्ट. मला भीती एकच. दीपगृहाचं पर्यटन म्हणजे वर जाऊन सेल्फी, असं होऊ नये. दिव्याची भिंगं कशी रचलेली असतात, छोट्या ज्योतीचा उजेड गोळा करून मैलोगणती लांब कसा फेकला जातो, प्रत्येक दीपगृहाची लुकलुक वेगळी का असते आणि अंधारात खलाशी ती मोजून ‘ही खांदेरी’ असं कसं ओळखतो, हे तिथे सांगायला हवं. आणि त्याच श्वासात १६७९ सांगायला हवं. दोन खात्यांच्या दोन पाट्या, एकीवर किल्ला, दुसरीवर दिवा, असं झालं तर आपण पुन्हा मंडळाच्या खोलीत येऊन पोचलो.

जाता जाता आपल्याच लोकांना एक टोमणा. आपल्याला समुद्र म्हटलं की कोकण आठवतं. पण बडोदा राज्याला स्वतःचा समुद्र होता. द्वारका, बेट द्वारका हा सगळा ओखामंडळ गायकवाडांकडे होता. ओखा बंदर सयाजीराव महाराजांनी बांधून घेतलं, १९२६ मध्ये ते सुरू झालं. द्वारकेला आपल्यातले निम्मे लोक जाऊन आले असतील. तिथलं चौकोनी उंच दीपगृह किती जणांनी मान वर करून बघितलं? ओख्याला उतरताना हे बंदर आपल्या महाराजांचं, हे किती जणांना माहीत होतं? तीनशे वर्षांपूर्वी सह्याद्री सोडून आलेल्यांना दूरच्या किल्ल्यांचं प्रेम जरा जास्तच येतं, जवळचं दिसत नाही.

असो. सहल ठरली आहे, पाऊस संपला की. थळच्या नाखव्याला फोन केला तर तो म्हणाला, एका होडीत बारा, त्याच्या वर एक माणूस घेणार नाही. आमची यादी तेवीसची, म्हणजे दोन होड्या. रोपवेवाले काका आत्यासोबत पहिल्या होडीत आहेत; आत्याने त्यांना काठी विकत घ्यायला लावली. ‘बंद ठेवा’वाले कचऱ्याच्या पिशव्या आणणार आहेत. बत्ती पाडायला निघालेल्या काकांचा परवा फोन आला. मला वाटलं, पुन्हा वाद. त्यांनी विचारलं, “वरपर्यंत सोडतात का रे आत? पायऱ्या किती आहेत?”